ख्रिस्ती चळवळींचा इतिहास : कुठले कागद काढायचे आणि सुरुवात कुठून करायची

प्रश्न असा आहे: आधुनिक ख्रिस्ती धर्माचा इतिहास वाचायला घेतला की मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इव्हँजेलिकल, फंडामेंटलिस्ट, पेंटेकॉस्टल, करिझ्मॅटिक, लिबरल अशा नावांची गर्दी होते. यातलं कोण कोणातून निघालं, फरक नेमका कशात आहे, आणि वाचनाला सुरुवात कुठून करावी?

गोंधळाचं मूळ असं की ही नावं एकाच प्रकारची नाहीत. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट ही संघटनांची नावं. तिथे सभासदांची वही असते, दीक्षित पाळक असतात, इमारत कुणाच्या तरी नावावर असते. इव्हँजेलिकल आणि करिझ्मॅटिक ही चळवळींची नावं. त्यांना वही नसते. एखादी बाई नोंदीनं अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली), विचारानं इव्हँजेलिकल आणि प्रार्थनेच्या रीतीनं करिझ्मॅटिक असू शकते, आणि त्यात काही विसंगती नाही. लिबरल, म्हणजे नव्या ज्ञानाच्या उजेडात शास्त्राचा अर्थ लावणारी, ही नुसती भूमिका. जुन्या बहुतेक मंडळ्यांत ती थोडीफार सापडते. पेंटेकॉस्टल हा शब्द मात्र चळवळ आणि संघटना दोन्हींना लावतात. म्हणून पंथांचा वंशवृक्ष पाठ करून हा इतिहास हाती लागत नाही. वंशवृक्षात संघटना तेवढ्या बसतात. चळवळी एका फांदीतून दुसरीत जातात आणि त्या चित्रात दिसतच नाहीत.

त्याऐवजी कोणतीही चळवळ अभ्यासायला घेतली की तीन गोष्टी शोधाव्यात. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) देण्याचा अधिकार कोणाला होता? इमारत आणि पैसा कोणाच्या ताब्यात होता? पत्रिका कोण छापत होतं आणि वर्गणीदारांची यादी कोणाकडे होती? सिद्धांतावरचे वाद खरेच असतात, माणसं त्यांच्यासाठी जीवही देतात. पण वाद अंगावर घेत वीस-वीस वर्षं एकत्र राहिलेली माणसं एका ठरावीक वर्षी वेगळी का झाली, हे बहुतेक वेळा या तीन प्रश्नांनीच उलगडतं.

आधुनिक चळवळींचा पहिला साचा जर्मनीत तयार झाला. फिलिप याकोब श्पेनर या ल्युथरन धर्मगुरूनं 1670 मध्ये फ्रँकफुर्टला आपल्या घरी लहान गट भरवायला सुरुवात केली: लोकांनी जमायचं, शास्त्र वाचायचं, आपापसांत बोलायचं. 1675 मध्ये त्यानं मंडळी सुधारण्यासाठी सहा सूचना छापल्या. यालाच पुढे पायेटिझम म्हणू लागले. श्पेनरनं वेगळी मंडळी काढली नाही. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, रविवारची उपासना सगळं ल्युथरन चर्चमध्येच होत राहिलं. मंडळीच्या आत छोटी मंडळी, एवढीच त्याची कल्पना होती. पुढची साडेतीनशे वर्षं हीच कल्पना नवनव्या वेशात परत येताना दिसते. हाल्ले गावी आउगुस्ट हेर्मान फ्रांकनं तिला अनाथालय, शाळा आणि छापखान्याची जोड दिली, आणि तिथे घडलेले त्सीगेनबाल्ग व प्लुत्शाऊ 1706 मध्ये डॅनिश राजाच्या आश्रयानं तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले. 1722 मध्ये काउंट त्सिन्झेनडोर्फच्या जमिनीवर हेर्नहुट वसलं. तिथल्या मोरेव्हियन लोकांनी, म्हणजे मोरेव्हियातून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांनी, 1732 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करायला आपली दोन माणसं पाठवली.

मेथडिझमचा संस्थापक, अँग्लिकन धर्मगुरू जॉन वेस्ली या मोरेव्हियनांच्याच सहवासातून गेला. 24 मे 1738 ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका लहान गटात त्याला आलेला अनुभव सगळी पुस्तकं सांगतात. पण मेथडिझम टिकला तो कशामुळे, हे पाहायचं तर 15 फेब्रुवारी 1742 ची ब्रिस्टलची बैठक पाहावी लागते. विषय होता सभागृहावरचं कर्ज. फॉय नावाच्या एका कॅप्टननं सुचवलं, प्रत्येकानं कर्ज फिटेपर्यंत आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, अनेकांना तेवढंही जमणार नाही. त्यावर फॉयनं उत्तर दिलं ते साधारण असं: सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्यांना जमणार नाही त्यांचं मी भरीन, तुम्हीही आपापल्या शेजारचे अकरा घ्या. अकरा अधिक एक, असा बारांचा वर्ग तयार झाला. घरोघर पेनी गोळा करणाऱ्या वर्गनायकांच्या लक्षात येऊ लागलं की अमक्याच्या घरी दारू पुन्हा शिरली आहे, तमक्याच्या घरात भांडणं चालली आहेत. त्यांनी हे वेस्लीला सांगितलं, आणि वसुलीची व्यवस्था आत्मिक देखरेखीची व्यवस्था झाली. घरोघर फिरण्यात वेळ जातो म्हणून वर्ग आठवड्यातून एकदा एका जागी बसू लागला. दर तीन महिन्यांनी सभासदांची छाननी होई आणि तिकीट मिळे. तिकीट नसेल तर संस्थेच्या बैठकीला किंवा प्रीतिभोजनाला प्रवेश नाही.

या रचनेत एक जागा वेस्लीनं मुद्दाम रिकामी ठेवली होती. प्रभुभोजनासाठी मेथडिस्टांनी आपल्या पॅरिश चर्चमध्येच, म्हणजे आपल्या भागातल्या अँग्लिकन चर्चमध्येच, जायचं, हा त्याचा आग्रह. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध झालं, अनेक अँग्लिकन धर्मगुरू देश सोडून गेले, आणि तिथल्या हजारो मेथडिस्टांना बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन द्यायला कोणी उरलं नाही. लंडनच्या बिशपनं दीक्षा द्यायला नकार दिला. सप्टेंबर 1784 मध्ये वेस्लीनं, स्वतः बिशप नसताना, ब्रिस्टलला दोघांना दीक्षा दिली आणि थॉमस कोकला अधीक्षक नेमलं. डिसेंबरात बाल्टिमोरला मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. त्याच 1784 मध्ये त्यानं इंग्लंडात एक कायदेशीर दस्त केला: त्याच्या मरणानंतर 'कॉन्फरन्स' म्हणजे नाव घेऊन सांगितलेले 100 उपदेशक, आणि उपासनागृहांत कोणी उपदेश करायचा ते ही कॉन्फरन्स ठरवेल. अधिकार आणि इमारत, दोन्ही प्रश्न एकाच वर्षी सुटले. शेवटपर्यंत आपण इंग्लंडच्या चर्चचेच, असं वेस्ली म्हणत राहिला. तो 1791 मध्ये वारला, आणि 1795 च्या तडजोडीनं मेथडिस्ट उपासनागृहांत प्रभुभोजनाला वाट मिळाली. अट एवढीच की तिथल्या विश्वस्तांच्या आणि कारभारी-वर्गनायकांच्या बहुमताची त्याला संमती हवी. वेगळेपण या साध्या, कार्यालयी वाक्यांत घडतं. विद्यार्थी 1738 पाठ करतात आणि 1784 वगळतात, हे फार वाईट होतं.

याच सुमाराला दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे इतिहासकारांनी बराच काळ पुरेसं पाहिलं नाही. विल्यम कॅरी या इंग्लिश बॅप्टिस्ट पाळकानं 1792 च्या आपल्या पुस्तिकेत मिशनकार्यासाठी व्यापारी कंपनीचा नमुना पुढे ठेवला आणि खर्चासाठी मंडळ्यांनी आठवड्याला एक पेनी किंवा जमेल तसं जास्त द्यावं असं सुचवलं. पुन्हा तीच पेनी. त्या वर्षी बॅप्टिस्ट मिशन संस्था निघाली, 1795 मध्ये लंडन मिशनरी सोसायटी, 1799 मध्ये चर्च मिशनरी सोसायटी, 1804 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी. या संस्था चर्च नव्हत्या. वर्गणीदार, समिती, चिटणीस आणि वार्षिक अहवाल, एवढाच त्यांचा डोलारा. त्यामुळे निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र काम करू शकले, आणि बिशप वा सिनोडच्या (धर्मसभेच्या) मंजुरीची गरज न लागणारं एक नवं सत्ताकेंद्र तयार झालं. इव्हँजेलिकल चळवळ आजही मुख्यतः अशाच संस्थांतून चालते. तिचं मुख्यालय शोधायला गेलात तर सापडणार नाही. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकारानं 1989 मध्ये सांगितलेल्या चार खुणा इथे कामाच्या आहेत: मनपरिवर्तनाचा आग्रह, कार्यतत्परता, बायबलला सर्वोच्च स्थान, आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावर केंद्रित शिकवण. चारही खुणा एकदम दिसल्या तरच शब्द वापरावा. 'मतदानात अमुक बाजूचा गोरा अमेरिकन' या अर्थानं तो वापरला की दोन शतकांचा इतिहास आणि जगातले बहुसंख्य इव्हँजेलिकल दोन्ही नजरेआड होतात.

संजीवनाच्या, म्हणजे रिव्हायव्हलच्या, कल्पनेतही एक मोठा बदल झाला. 1734-35 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टनला जोनाथन एडवर्ड्स या पाळकासाठी संजीवन हे देवाचं आश्चर्यकारक कृत्य होतं. माणसानं वाट पाहायची. शंभर वर्षांनी चार्ल्स फिनी हा अमेरिकन उपदेशक म्हणू लागला की साधनांचा योग्य उपयोग केला की संजीवन येतं, पेरणी नीट केली की पीक येतं तसं. सलग अनेक दिवस चालणाऱ्या सभा, व्याकूळ झालेल्यांनी पुढे येऊन बसायचा बाक, बायकांनी सर्वांसमोर प्रार्थना करणं, ही त्याची साधनं. पुढच्या सगळ्या मोठ्या सभा या वळणानं गेल्या, आणि त्यांच्याबरोबर एक हिशेबाची चूक आली. सभेत किती जणांनी 'निर्णय' घेतला हा आकडा आणि वर्षभरानं मंडळीच्या वहीत किती नावं वाढली हा आकडा, यांत नेहमीच अंतर असतं. चळवळीची मासिकं पहिला आकडा छापतात. दुसरा शोधल्याशिवाय वाढीबद्दल काही लिहू नये.

आता फंडामेंटलिझम. या शब्दाइतका चुकीचा वापर क्वचितच दुसऱ्या शब्दाचा होत असेल. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतून बायबलची ऐतिहासिक चिकित्सा आली. मोशेची पाच पुस्तकं एका हातची नाहीत, शुभवर्तमानं कशी रचली गेली, हे प्रश्न पाळकांच्या शिक्षणात शिरले. डार्विनचं काम 1859 चं. याला उत्तर म्हणून 1910 ते 1915 या काळात 'द फंडामेंटल्स' (मूलतत्त्वं) या नावानं लेखांचे 12 खंड निघाले, एकूण 90 लेख. पैसा लायमन आणि मिल्टन स्ट्युअर्ट या भावांचा. लायमनचा धंदा तेलाचा. सुमारे 30 लाख प्रती पाळक, मिशनरी, रविवारच्या शाळांचे प्रमुख, धर्मशास्त्राचे विद्यार्थी यांना फुकट पाठवल्या. हे खंड प्रत्यक्ष उघडले की धक्का बसतो, कारण सूर बराच संयत आहे. लेखकांपैकी जेम्स ऑर यांना मर्यादित अर्थानं उत्क्रांती मान्य होती. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द त्यानंतरचा; तो 1920 मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकानं अभिमानानं घडवला. शाळेत उत्क्रांती शिकवल्यावरून टेनेसीतल्या डेटनला झालेला खटला 1925 चा. या 15 वर्षांत भाषा, माणसं आणि राग सगळं बदललं. 1925 चं चित्र 1910 वर चिकटवणं ही इथली नेहमीची चूक.

इव्हँजेलिकल आणि फंडामेंटलिस्ट नेमके कुठे फुटले ते सांगता येतं. अमेरिकेत 1942 मध्ये इव्हँजेलिकलांची राष्ट्रीय संघटना आणि 1947 मध्ये फुलर सेमिनरी निघाली, पण मोठ्या सभा घेणारा उपदेशक बिली ग्रॅहम दोघांनाही आपला वाटत होता. 1957 च्या न्यूयॉर्कच्या सभांसाठी त्यानं तिथल्या प्रॉटेस्टंट कौन्सिलचं निमंत्रण घेतलं, त्यात उदारमतवादी मंडळ्याही होत्या. सभेत पुढे आलेल्या माणसाचं कार्ड भरलं जाई आणि पाठपुराव्यासाठी एखाद्या मंडळीकडे जाई. ते कार्ड उदारमतवादी पाळकाच्या टेबलावर जाऊ द्यायचं का? फंडामेंटलिस्ट नेते बॉब जोन्स सीनियर आणि त्यांच्याबरोबरच्यांनी नाही म्हटलं आणि संबंध तोडले. येशूचं देवपण, पुनरुत्थान, बायबलचा अधिकार यांवर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. फाटलं ते सहकार्य कोणाशी करायचं यावर. आजही कोणी फंडामेंटलिस्ट आहे का हे ओळखायचं तर तो काय मानतो यापेक्षा तो कोणाबरोबर व्यासपीठावर बसत नाही हे पाहा.

पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या, चळवळीवर थोडं रेंगाळायला हवं, कारण विसाव्या शतकात सगळ्यात जास्त बदल तिनं घडवला. नेहमीची गोष्ट अशी: अमेरिकन उपदेशक चार्ल्स पारहमच्या टोपेका इथल्या शाळेत 1 जानेवारी 1901 ला अ‍ॅग्नेस ओझमन अन्य भाषांत, म्हणजे न शिकलेल्या भाषांत, बोलली, पारहमनं शिकवलं की पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची पहिली खूण म्हणजे अन्य भाषा. विल्यम सीमोर हा गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. ह्यूस्टनमध्ये पारहमचे वर्ग त्याला खोलीबाहेर बसून ऐकावे लागले, कारण वर्ग गोऱ्यांचा होता. एप्रिल 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या 312, अझुसा स्ट्रीटवर त्यानं सभा सुरू केल्या. ती इमारत आधी कृष्णवर्णीय मेथडिस्टांचं चर्च होती, मग तबेला आणि गोदाम. बसायला पिंपांवर टाकलेल्या फळ्या, आणि सीमोरपुढे एकावर एक ठेवलेली दोन लाकडी खोकी. काळे, गोरे, मेक्सिकन एकत्र गुडघे टेकत होते, 1906 च्या अमेरिकेत.

सप्टेंबर 1906 मध्ये तिथून पत्रक निघालं, पहिल्या अंकाच्या 5,000 प्रती. पुढच्या वर्षी खप 40,000 वर गेला. दूरदूरच्या मिशन बंगल्यांत ते पोचलं, आणि लोक वाचून निघाले. 1908 मध्ये पत्रकाचं काम पाहणारी क्लारा लम पोर्टलंडला गेली आणि परगावच्या व परदेशच्या वर्गणीदारांच्या याद्या तिच्याबरोबर गेल्या. सीमोरकडे स्थानिक यादी तेवढी उरली. अझुसाचं नेतृत्व का ओसरलं याची कारणं वर्णभेदापासून शिकवणुकीपर्यंत बरीच आहेत. पण ज्याचा आवाज पत्रकातून जगभर जात होता त्याच्याकडे पत्तेच राहिले नाहीत, हे त्यातलं सगळ्यात साधं कारण.

मात्र सगळं पेंटेकॉस्टल जग अझुसातून निघालं असं मानलं की पुरावा जुळत नाही. वेल्सचं संजीवन 1904-05 चं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन सुरू झालं जून 1905 मध्ये, अझुसाच्या दहा महिने आधी. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी 1906 मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली आणि शिकागोत शिकतानाच्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूवरला, पाठवली. मे आणि तिचा नवरा विलिस हूवर चिलीतल्या वाल्परायसो इथे मेथडिस्ट मिशनमध्ये होते. पुस्तिका 1907 मध्ये पोचली, संजीवन 1909 मध्ये पेटलं. आता खुणा तपासा. पारहम आणि अझुसाच्या परंपरेत अन्य भाषा ही आवश्यक खूण. रमाबाई आणि अब्राम्स यांनी अन्य भाषांचं स्वागत केलं, पण प्रत्येकाला ती खूण मिळालीच पाहिजे असा हट्ट धरला नाही. चिलीच्या मंडळीनंही धरला नाही. अझुसाच्या वारसांत बाप्तिस्मा मोठेपणी आणि बुडवून. चिलीच्या मेथडिस्ट पेंटेकॉस्टल चर्चमध्ये मात्र लहान मुलांचा बाप्तिस्मा चालूच राहिला, कारण ते मेथडिस्ट घरातून बाहेर पडले होते. केडगावची एक पुस्तिका दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कशी पोचली हे सिद्धांताच्या ग्रंथांवरून कधीच कळलं नसतं. दोन वर्गमैत्रिणींच्या पत्रव्यवहारातून ते कळतं.

संघटना मग आलीच. एप्रिल 1914 मध्ये आर्कान्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्जला सुमारे 300 जण जमले आणि असेंब्लीज ऑफ गॉड उभी राहिली. मिशनरींना पैसे कोण पाठवणार, मालमत्ता कोणाच्या नावावर, पाळकांची ओळखपत्रं कोण देणार (रेल्वे धर्मगुरूंना सवलतीचं तिकीट देई, त्यासाठी मान्य संघटनेचा कागद लागे), हे सगळे प्रश्न टेबलावर होते. त्याआधी अनेक गोऱ्या पाळकांना चार्ल्स मेसनच्या चर्च ऑफ गॉड इन क्राइस्टची, म्हणजे कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या मंडळीची, ओळखपत्रं होती. हॉट स्प्रिंग्जनं ती गरज संपवली आणि अझुसातलं एकत्र बसणंही बरंचसं संपवलं. 'आम्हाला लिखित श्रद्धासूत्र नको, बायबल पुरे' असं म्हणून निघालेल्यांना दोनच वर्षांत, त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव या शिकवणीवरच्या) वादामुळे, 1916 मध्ये मूलतत्त्वांचं निवेदन लिहावं लागलं.

करिझ्मॅटिक म्हणजे हाच अनुभव जुन्या मंडळ्यांच्या आत. 3 एप्रिल 1960 ला कॅलिफोर्नियातल्या एका एपिस्कोपल चर्चमध्ये डेनिस बेनेट यांनी हा अनुभव सांगितला आणि त्यांना तिथलं पद सोडावं लागलं, पण चर्च सोडावं लागलं नाही. फेब्रुवारी 1967 मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या साधनाशिबिरातून कॅथलिकांमध्ये ही चळवळ सुरू झाली.

कॅथलिक इतिहास या सगळ्याला समांतर चालतो आणि त्याची चाल वेगळी आहे. फ्रेंच क्रांतीनं चर्चच्या जमिनी घेतल्या, 1790 च्या कायद्यानं धर्मगुरूंना सरकारी नोकर केलं. स्थानिक आधार तुटलेले बिशप आधारासाठी रोमकडे पाहू लागले; पोपची सत्ता एकोणिसाव्या शतकात वाढली ती याच पायावर. 18 जुलै 1870 ला पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं पोपची अचूकता, म्हणजे श्रद्धा आणि नीतीवरचा त्याचा अधिकृत निर्णय चुकू शकत नाही हे तत्त्व, जाहीर केली, आणि दोन महिन्यांत, 20 सप्टेंबरला, इटलीच्या फौजा रोममध्ये शिरून पोपचं राज्य संपलं. ऐहिक सत्ता गेली त्याच वर्षी आत्मिक सत्तेची व्याख्या सर्वांत कडक झाली. 1910 पासून धर्मगुरूंना आधुनिकतावादाविरुद्ध, म्हणजे बायबलची चिकित्सा आणि नवे विचार मान्य करणाऱ्या कॅथलिक प्रवाहाविरुद्ध, शपथ घ्यावी लागे, ती 1967 पर्यंत चालली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेबद्दल (1962 ते 1965) एक दुरुस्ती आवर्जून करायला हवी. परिषदेनं लॅटिन बंद केलं, असं सर्रास म्हटलं जातं. 4 डिसेंबर 1963 चा उपासनाविधीवरचा दस्त 2,147 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला; त्यात लॅटिन राखावं आणि लोकभाषांना अधिक वाव द्यावा असं आहे. धर्मगुरूनं लोकांकडे तोंड करावं अशी आज्ञाही त्यात नाही. नवी मिस्साविधी, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेची नवी रीत, आली 1969 मध्ये, परिषद संपून चार वर्षं झाल्यावर. परिषदेचे 16 दस्त आणि त्यांची अंमलबजावणी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून वाचल्या नाहीत तर परिषदेनंतरचे बदल नाकारणाऱ्या आर्चबिशप लफेव्हरच्या फुटीपासून आजच्या जुन्या मिस्साविधीच्या वादापर्यंत काहीच समजत नाही. लॅटिन अमेरिकेत परिषदेचा अर्थ 1968 च्या मेदेयीनच्या बिशप-परिषदेनं गरिबांच्या बाजूनं लावला, त्यातून मुक्तीचं धर्मशास्त्र आणि खेड्यापाड्यांतले छोटे शास्त्रवाचन गट उभे राहिले. श्पेनरचा गट इथे कॅथलिक होऊन आला. रोमनं 1984 आणि 1986 मध्ये त्यावर दोन निवेदनं काढली; पहिलं कडक आहे, दुसरं बरंच मऊ, आणि लोक फक्त पहिलं उद्धृत करतात.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांना इव्हँजेलिकल-लिबरल ही मोजपट्टी लावूच नये. तिथले आधुनिक प्रश्न कार्यक्षेत्राचे आणि राज्यसत्तेचे आहेत. रशियात झार पीटरनं 1721 मध्ये पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्माध्यक्ष, या पदाच्या जागी सरकारी सिनोड बसवली, ते पद 1917 मध्ये परत आलं आणि लगेच बोल्शेविक सत्तेखाली सापडलं. 2019 मध्ये युक्रेनच्या मंडळीला मिळालेलं पूर्ण स्वातंत्र्य (ऑटोसेफली) हा त्याच जातीचा वाद आहे.

आकड्यांबाबत सावध राहावं. प्यू संशोधन केंद्राच्या 2011 च्या अहवालात जगात 27.9 कोटी पेंटेकॉस्टल, 30.5 कोटी करिझ्मॅटिक आणि 28.5 कोटी इव्हँजेलिकल असे आकडे आहेत. यांची बेरीज करायची नसते. करिझ्मॅटिक कॅथलिक माणूस कॅथलिकांतही मोजला आहे, आणि इव्हँजेलिकल गट इतर दोन्हींत अंशतः मिसळलेला आहे. शिवाय मोजणारा प्रत्येक जण व्याख्या वेगळी करतो: कोणी मंडळ्यांनी दिलेली सभासदसंख्या घेतो, कोणी जनगणना, कोणी मुलाखती. निदान दोन गणनांची व्याख्या शेजारी ठेवल्याखेरीज 'इतक्या पटीनं वाढ' असं लिहू नये.

एखादी प्रत्यक्ष मंडळी समजून घ्यायची असेल तर फलकावरच्या नावावर थांबू नका. गीतपुस्तक उघडा, गीतं कुठून आली यावरून ती मंडळी कोणाच्या संगतीत वाढली ते कळतं. बाप्तिस्मा कधी आणि कसा, प्रभुभोजन किती वेळा आणि कोणाच्या हातून, हे विचारा. संस्थापक आधी कुठल्या मंडळीत होता ते शोधा. सोडून आलेल्या घराच्या सवयी दोन पिढ्या जात नाहीत. विश्वस्तनामा पाहायला मिळाला तर सोनं. संस्थापकाचं चरित्र शेवटी वाचा, कारण ते बहुधा फूट पडून गेल्यावर, फुटीचं समर्थन म्हणून लिहिलेलं असतं. पहिल्या दहा वर्षांच्या पत्रिका आणि सभांची इतिवृत्तं त्याआधी.

आणि सुरुवात कुठून? 1910 हे एकच वर्ष घ्या आणि आडवं वाचा. जूनमध्ये एडिनबर्गला जागतिक मिशन परिषद भरली, सुमारे 1,200 प्रतिनिधी. प्रतिनिधींच्या जागा मिशन संस्थांच्या वार्षिक खर्चाच्या प्रमाणात वाटल्या होत्या. आशियातले वीसच्या आसपास आणि आफ्रिकेतले जवळजवळ कोणीच का नव्हते, याचं उत्तर त्या नियमात आहे. लॅटिन अमेरिका ख्रिस्तीच आहे, तिथे प्रॉटेस्टंट मिशनचा विषय नको, या अँग्लिकन अटीमुळे ती चर्चेतून वगळली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वाल्परायसोच्या मेथडिस्ट वार्षिक सभेनं हूवरच्या शिकवणुकीला दोष दिला आणि चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी वेगळी झाली. नोव्हेंबरात डॅनियल बर्ग आणि गुन्नार व्हिंग्रेन हे दोन स्वीडिश बॅप्टिस्ट ब्राझीलच्या बेलेम बंदरात उतरले. त्यांच्या कामातून ब्राझीलची असेंब्लीज ऑफ गॉड निघाली. रोममध्ये आधुनिकतावादाविरुद्धची शपथ त्याच सप्टेंबरात लागू झाली, स्ट्युअर्ट बंधूंच्या खंडांची छपाई त्याच वर्षी सुरू झाली. आणि लायबेरियाच्या एका तुरुंगात विल्यम वेड हॅरिस नावाचा शिक्षक होता, त्याला तिथे दर्शन झालं. 1913 मध्ये तो वेताचा क्रूस, बायबल आणि पाण्याचा भोपळा घेऊन आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्यानं चालत निघाला. कोणतीही संस्था त्याच्या पाठीशी नव्हती. दीडेक वर्षात फ्रेंच सरकारनं त्याला हाकलेपर्यंत सुमारे एक लाख लोकांनी त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता. ग्रंथ घेऊन शिकवणारे मागून येतील, वाट पाहा, असं तो त्यांना सांगून गेला. 1924 मध्ये मेथडिस्ट मिशनरी तिथे पोचले तेव्हा गावोगावी उपासनागृहं बांधून लोक वाट पाहत होते.